कराची ते मुंबई : अंतर तेच, प्रवास वेगळा (थ्रेड)

१/९
कराची आणि मुंबई या शहरांतील सरळ हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. आजच्या जेट विमानास त्यासाठी दीड तास पुरे. तरीही आज प्रवाशाला हा मार्ग दीड तासात कापता येत नाही. ९० हून अधिक वर्षांपूर्वी मात्र याच मार्गावर भारतीय टपाल विमानसेवेचा आरंभ झाला होता.

२/९
१९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. लंडनची पत्रे विमानाने कराचीपर्यंत येत. पण मुंबई-मद्रासकडे जाणाऱ्या पत्रांचा तेथून पुढचा प्रवास संथ होता. वाटेत कच्छचे रण असल्याने लोहमार्गाला उत्तरेकडून मोठा वळसा पडे.

३/९
ही उणीव हेरली ती नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिकाने. कराचीची टपाल विमानाने मुंबई व मद्रासला नेण्याची त्याची योजना टाटा सन्सने स्वीकारली, तीही सरकारी अनुदानाविना.

४/९
१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पहाटेनंतर थोड्याच वेळात जे. आर. डी. टाटांनी पुस मॉथ जातीच्या एकइंजिनी विमानातून उड्डाण केले. सोबत सुमारे २५ किलो टपाल होती. रेडिओची सोय नव्हती. नकाशा, होकायंत्र आणि खालची भूमी एवढाच आधार.

५/९
वाटेत अहमदाबादला इंधन भरावे लागले. त्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले. या थांब्यामुळे मार्ग सुमारे १,०४० किलोमीटरांचा झाला. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूला उतरले आणि तेथून व्हिन्सेंटने बेल्लारीमार्गे टपाल मद्रासला नेली.

६/९
जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. त्या महिन्यांत विमाने पुण्याहून उडत. याच सेवेतून पुढे १९४६ मध्ये एअर इंडिया हे नाव उदयास आले.

७/९
येथे एक तपशील लक्षात घ्यावा. १९३२ मध्ये कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे त्या दिवशीच्या कराची–मुंबई उड्डाणाचा आरंभ आणि शेवट एकाच प्रांतात झाला. १९४७ नंतर त्याच आकाशात आंतरराष्ट्रीय सीमा आली.

८/९
१९७१ मध्ये दोन्ही देशांतील हवाई संपर्क तुटला. तो १९७६ मध्ये पुन्हा जोडला गेला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने कराचीहून मुंबईला आले. म्हणजे पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवापर्यंत हा मार्ग खुला होता.

९/९
कराची–मुंबई थेट सेवा पुढे बंद पडली आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले. दुबईमार्गे जायचे म्हटले, तर हेच अंतर सुमारे ३,१०० किलोमीटर होते, सरळ अंतराच्या साडेतीन पट. दुबईत विमान बदलण्याचा वेळ धरला, तर १९३२ च्या त्या पत्रांइतक्या लवकर पोहोचणेही आजच्या प्रवाशाला अवघड आहे.

#इतिहास #मराठी