धारेखालचे न्हाण : बुलढाणा जिल्ह्यातील पाण्याच्या जोराचा इतिहास

लोणारच्या विवराच्या काठावर गोमुखातून कुंडात कोसळणारी धार बारमाही वाहते. उल्कापाताने पडलेल्या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवराच्या तळाशी खारे, अल्कधर्मी सरोवर आहे. धारेचे पाणी मात्र गोडे. परिसरातील बेसाल्टच्या भेगांतून मुरलेला पाऊस खालच्या घट्ट थरावर अडतो आणि आडवा सरकतो. हे थर विवराने जिथे कापले गेले, तिथे तो बाहेर पडतो. लवणासुराच्या वधाची कथा सांगणाऱ्या भाविकांनी या ठिकाणाला धारातीर्थ मानले आणि दगडी गोमुख बसवून धारेला नेमकी दिशा दिली. जवळच सीतान्हाणी नावाचे दुसरे पाण्याचे ठिकाण आहे.

इथे पाण्याला जोर येतो तो केवळ उंचीमुळे. दोन मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग खाली पोहोचेपर्यंत सेकंदाला सुमारे सहा मीटर होतो, म्हणून गोमुखाखाली उभे राहणाऱ्याच्या खांद्यावर धार दणदणीत आदळते. बंद नळीतही हिशेब उंचीचाच असतो. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब मिळतो. टाकी किती मोठी आहे, याचा दाबाशी संबंध नसतो. पाण्याची सोय करणाऱ्या प्रत्येकाला, त्याला हा नियम ठाऊक असो वा नसो, त्याच्याशीच झुंजावे लागले आहे.

सिंदखेडराजात ही झुंज उलट्या बाजूने दिसते. लखुजी जाधवांच्या या गावात मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनी नटलेली पुतळा बारव आहे. बारवेत माणूस पायऱ्या उतरून पाण्यापाशी जातो आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन वर येतो. उंचीचा लाभ मिळण्याऐवजी तिची किंमत मोजावी लागते. घरच्या न्हाणीत तांब्याने अंगावर घेतलेल्या पाण्याला मग जोर कुठून येणार? जळगाव जामोदच्या वायव्येला, सातपुड्यापलीकडे बुऱ्हाणपुरात मात्र 1615 च्या सुमारास डोंगरातले पाणी भुयारी मार्गांनी उताराच्या बळावर शहरात आणले गेले. कुंडी भंडारा नावाच्या या योजनेला उपसा लागत नव्हता. लोणारचे तत्त्वच तिथे माणसाने जमिनीखालून मैलोन्‌मैल लांबवले.

जिल्ह्यातील बहुसंख्य शेतकऱ्यांच्या वाट्याला ना डोंगराचा झरा आला ना भुयारी पाणी. त्यांच्यासाठी उंची बैल निर्माण करीत. बैलजोडी धावेवरून उतरत जाई तशी चामड्याची मोट विहिरीतून वर येई, सोंड मोकळी होई आणि पाणी थारोळ्यात आदळून पाटाने वाफ्यांकडे निघे. थारोळ्यात बसून अंघोळ करणे हे मोटेच्या काळातले मोठे सुख होते. पण धार अखंड नसे. मोट रिकामी झाली की एक लोट येई आणि बैल मागे सरून पुन्हा धावेवर येईपर्यंत पाणी ओसरलेले असे. पुढे तेलावरची इंजिने आणि त्यानंतर विजेचे पंप आले. डिलिव्हरी पाइपच्या तोंडाखाली न्हाणाऱ्याला पहिल्यांदाच न तुटणारी धार मिळाली.

गावात घराच्या स्लॅबवर टाकी चढली, पण उंचीचे गणित सुटले नाही. टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असली तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथे दुसरा अडथळा असतो. भूजलातील क्षार शॉवरच्या भोकांवर बसतात आणि दाब पुरेसा असूनही पाणी ठिबकू लागते. शॉवरचे तोंड काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये काही तास बुडवले, की पांढरी पुटे सुटतात.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. लोणारसारख्या स्थळी मुक्कामाला आलेल्या अशा गाडीत न्हाणीही असते, पण उंची नसते. टाकी बहुधा फरशीखाली असते, आणि ती छतावर नेली तरी 0.1 बारच्या आसपासच दाब मिळतो. म्हणून उंचीचे काम 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप करतो आणि साधारण दोन ते तीन बार दाब देतो. त्याचे पडदे ठोके देतात, त्यामुळे मोटेच्या पाण्यासारखी धार पुन्हा तुटक होते. हवा कोंडलेली छोटी दाबटाकी पंपाच्या पुढे जोडली, की ते ठोके शोषले जातात.

गाडीतल्या शॉवरला जोर कमी पडला म्हणून थेट मोठा पंप घेणे बहुतेकदा चुकीचे ठरते. आधी पंपाच्या तोंडाची जाळी साफ करावी, दुमडलेली नळी सरळ करावी आणि शॉवर उघडा असताना पंपापाशी व्होल्टेज मोजावे. तार बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच पडते आणि पंप मंदावतो. नळीचा आतला व्यास निम्मा झाला की पाण्याची वाट एक चतुर्थांशच उरते, शिवाय घर्षण वाढते ते वेगळे. म्हणून टाकीपासून शॉवरपर्यंत एकही जोड अरुंद नसावा. शेवटी शॉवरचे तोंड बदलावे. कमी भोकांचे तोंड त्याच पंपावर अधिक वेगाची धार देते आणि मोजके भरून आणलेले पाणीही जास्त वेळ पुरते.