पार्क स्ट्रीटवरचा पियानो आणि आमचा शेजार

मंडळी, मी मूळचा फोंड्याचा. आमच्या घरात संगीत म्हणजे देवळातलं भजन, जत्रेतलं नाटक आणि रेडिओवरची नाट्यगीतं. शेजारी एक ख्रिस्ती म्हातारे राहायचे. संध्याकाळी ते व्हायोलिन वाजवत. ऐकू यायचं, पण 'हे आपलं नव्हे' म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

1976 साली बँकेनं माझी बदली कलकत्त्याला केली. एका शनिवारी सहकारी पार्क स्ट्रीटवरच्या 'ब्लू फॉक्स'मध्ये घेऊन गेले. पगार बेताचा, एकेक कॉफी मागवून तासभर बसलो. पियानोवर लुईझ बँक्स, गायला पॅम क्रेन आणि सॅक्सोफोनवर ब्राझ गोन्साल्विस. हे ब्राझ गोव्याचे, असं कळलं तेव्हा मी चाटच पडलो. आपल्या मातीतला एवढा मोठा वादक, आणि मला नावसुद्धा ठाऊक नव्हतं!

तिथपासून मी लुईझ बँक्स यांच्याविषयी मिळेल ते वाचत आलो. जन्म 1941 चा, दार्जिलिंगचा. मूळ नाव डंबर बहादुर बुढापृथी. आजोबा बखत बहादुर यांनी नेपाळच्या जुन्या, राजेशाहीच्या काळातल्या राष्ट्रगीताची धून बांधली. वडील ट्रम्पेट वाजवत; त्यांनी जॉर्ज बँक्स हे नाव घेतलं आणि लुई आर्मस्ट्राँगवरच्या प्रेमापोटी मुलाचं नाव लुईझ केलं. संगीताचे पहिले धडे वडिलांकडेच. काठमांडूत वाजवून मग ते कलकत्त्याला आले. तिथून आर. डी. बर्मन यांनी त्यांना हिंदी चित्रपटसंगीतात आणलं आणि ते मुंबईकर झाले.

मुंबईत जाहिरातींच्या जिंगल्सवर घर चाललं, पण जॅझ सुटला नाही. जॅझच्या जोडीला त्यांनी आपले राग घेतले, मृदंगाचे ताल घेतले. रमामणी यांचं कर्नाटक पद्धतीचं गाणं, ब्राझ यांचा सॅक्सोफोन आणि यांचा पियानो असा मेळ जमला. नेपाळी रक्त, इंग्रजी नाव, अमेरिकन संगीत. सांगा, या माणसाला कुठल्या खात्यात घालणार?

1988 च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं. पंडित भीमसेन जोशींचा आवाज सगळ्यांनी ओळखला. ते घडवण्यात अशोक पत्की आणि लुईझ बँक्स या दोघांचा हात होता, हे कितीजणांना ठाऊक?

त्या वर्षी चतुर्थीला घरी गेलो. कलकत्त्याहून परतल्यापासून 'जाऊ, जाऊ' म्हणत राहिलो होतो. या खेपेस नेवऱ्यांचं ताट घेऊन शेजारच्या म्हाताऱ्यांकडे गेलोच. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकले होते ते. अशाच शिक्षणाच्या बळावर गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. प्यारेलालजी व्हायोलिन शिकले तेही माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. हे सगळं आमच्या कुंपणापलीकडे होतं.

मी म्हटलं, "बाब, मात्शें वाजय मरे."

त्यांनी हात पुढे केले. बोटं वाताने वाकडी झाली होती. हसून म्हणाले, "इतलीं वर्सां खंय आशिल्लो रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. लुईझ बँक्स यांनी ऐंशी ओलांडली आहे. आपल्या शेजारी कुणी वाजवत असेल, तर मंडळी, वेळेत जाऊन ऐका.