तेहतीस पानांचे पत्र

चाळीतल्या बिऱ्हाडात मूल उशिरा बोलू लागले की दिलासा देणाऱ्यांची वाण पडत नाही. "बापसुद्धा चार वर्षांचा होईतो गप्पच होता", "मुलगे उशिराच बोलतात", "मामाकडे बघा, आज कोर्ट गाजवतो" असे खुलासे गिरगावापासून लालबागपर्यंत कोणत्याही गॅलरीत फुकट मिळतात. पुष्कळदा ते खरेही ठरतात, आणि त्यामुळेच घात होतो. बोलणे उशिरा येणे निराळे. पण मूल वर्षाचे झाले तरी नावाला ओ देत नाही, दीड वर्षाचे झाले तरी कठड्यावरचा कावळा बोटाने दाखवून आईकडे वळून पाहत नाही, तेव्हा वाट पाहत बसू नये. अशा काही मुलांच्या बाबतीत पुढे जे निदान होते त्याला वैद्यक 'ऑटिझम' म्हणते. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुरेख आहे, पण मला तो पुरता मानवत नाही. मग्न म्हटले की समाधी लावलेला योगी डोळ्यांपुढे येतो. आणि इकडे हे पोर तर कुकरच्या शिट्टीने कानांवर हात ठेवून कळवळत असते.

या दुखण्याचा, किंबहुना या घडणीचा, इतिहास शोधू लागले की प्रथम भेटतो तो एक बाप. अमेरिकेतल्या मिसिसिपी संस्थानातील बीमन ट्रिपलेट या वकिलाने १९३८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांना आपल्या पाच वर्षांच्या डोनाल्डविषयी टंकलिखित ३३ पानांचे पत्र धाडले. पोराला काय आवडते, कशाने तो बिथरतो, कोणते शब्द पुन:पुन्हा म्हणतो, सारे त्यात होते. कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. तीत पहिला क्रमांक डोनाल्डचा आहे. म्हणजे या शास्त्राच्या पायाचा एक दगड आईबापांच्या निरीक्षणाने घडवलेला आहे.

पुढे जे झाले ते मात्र लाजिरवाणे. ही मुले जन्मतःच अशी घडण घेऊन येतात, असे कॅनर यांनीच त्या लेखात म्हटले होते. पण त्याच लेखात या मुलांचे आईबाप फारसे मायाळू दिसत नाहीत, असाही शेरा मारला होता. १९४९ मध्ये त्यांनी या घरांना शीतकपाटाची उपमा दिली. उपमेला पाय फुटले आणि 'थंडगार आई' हा आरोप जगभर हिंडू लागला. ब्रुनो बेटलहाइम नावाच्या पंडिताने १९६७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून मुलाच्या अबोलपणाचे खापर आईच्या माथी फोडले. स्वतः हिटलरच्या छळछावण्यांतून सुटून आलेल्या या माणसाला त्या घरांत छावणीचीच छाया दिसली. मूल आईपासून तोडावे, हा त्याचा उपाय! आपल्याकडे सुनेला बोल लावण्यासाठी शिकागोच्या पंडिताची गरज कधीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आरोप खोडून काढला तोही एका बापानेच. बर्नार्ड रिमलंड हा मानसशास्त्रज्ञ. त्याचा स्वतःचा मुलगा असाच. १९६४ साली त्याने ग्रंथ लिहून कारण मेंदूच्या घडणीत शोधावे असे पुराव्यांनिशी मांडले, आणि पुढल्या वर्षी अमेरिकेतल्या पालकांची संघटना उभी केली. खुद्द कॅनर यांनी १९६९ मध्ये पालकांच्या मेळाव्यात उभे राहून त्यांना दोषमुक्त केले. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर तर याच्याही पुढे गेले. आईबाप हे रोगाचे कारण नसून उपचारातले सहकारी आहेत, असे म्हणून त्यांनी पालकांना शिकवावयास घेतले; १९७२ साली त्या संस्थानाने ही योजनाच स्वीकारली.

आता मुंबईकडे वळू. मुलांच्या मनाचे दवाखाने ही या शहराला अगदी अपरिचित गोष्ट नव्हती. नागपाड्यात १९३६ साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेने दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र काढले. परळला वाडियांचे मुलांचे रुग्णालय तर १९२९ पासून आहे. तरीही जे मूल शाळेत बसत नाही आणि औषधाने सुधारत नाही, ते घेऊन आईने जावे कोठे, हा प्रश्न राहिलाच. त्याचे उत्तर पुन:पुन्हा आईबापांनीच दिले. होर्मसजी आणि जय वकील या दांपत्याने आपल्या दीना या मुलीसाठी १९४४ साली वर्ग काढला. त्याचीच पुढे शिवडीच्या टेकडीवरची मोठी शाळा झाली. मिठू आलूर यांनी मालिनी या मुलीच्या निमित्ताने १९७२ मध्ये कुलाब्याला मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांचे केंद्र सुरू केले. या दोन्ही मुलींना ऑटिझम नव्हता. परंतु ज्या वाटेने पुढे ऑटिझमवाली मुले गेली ती वाट अशी पडली. दिल्लीत मेरी बरुआ यांनी मुलगा नीरज याच्या अनुभवावरून १९९१ साली संस्था काढली, आणि आईबापांनी मुलासह तीन महिने येऊन शिकावे असा अभ्यासक्रम चालविला.

मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू केले. बॉस्टनला या विषयाचे शिक्षण घेऊन त्या परतल्या होत्या. केंद्राचे काम चिंचपोकळी स्टेशनाजवळ, ना. म. जोशी मार्गावर वाढले. जुने लोक त्याला अजून डिलाइल रोडच म्हणतात. भोंगे बंद पडलेल्या गिरणगावात हे बिऱ्हाड थाटावे, हा योग मला आवडतो. तेथे डॉक्टर, शिक्षक यांच्याबरोबर आईबापही शिकतात, आणि वस्त्यांतून काम करणाऱ्या साध्या कार्यकर्त्यांनाही तयार केले जाते.

शिकतात म्हणजे काय? हिशेब साधा आहे. दोन-तीन वर्षांचे मूल आठवड्यात सुमारे ८० तास जागे असते. त्यातले तज्ज्ञाच्या वाट्याला एक किंवा दोन. उरलेले घरचे. म्हणून आईला शिकवायचे ते असे : मुलासमोर जमिनीवर बसावे, म्हणजे चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीला येतो. तो खिडकीतून लोकल पाहत असेल तर हाताला धरून पुस्तकाकडे ओढू नये. आपणही लोकलच पाहावी आणि "गाडी आली" एवढेच म्हणावे. मग थांबावे. हे थांबणे सर्वांत अवघड. आपल्या घरांत गप्प बसण्याची सवय कोणाला आहे? बिस्किटाचा डबा त्याला दिसेल पण उघडता येणार नाही असा ठेवावा, आणि त्याने नुसते डोळे उचलून पाहिले तरी ते मागणेच समजावे. गणपतीत ढोल सुरू होण्यापूर्वी त्याला आतल्या खोलीत न्यावे. दहा बाय दहाच्या खोलीत आतली खोली कोठून आणावी, हे मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते.

या मार्गाची कसोशीने परीक्षा झाली ती आपल्या शेजारी, गोव्यात. मँचेस्टरच्या पद्धतीत फेरफार करून 'संगत' या संस्थेने गोव्यात, आणि तसेच पाकिस्तानात रावळपिंडीला, ६५ मुलांवर एक प्रयोग केला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी जाणारी माणसे डॉक्टर नव्हती, शिकवून तयार केलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते होते. १२ भेटी, सहा महिने. आई मुलाशी खेळते त्याची चित्रफीत घ्यायची आणि तिलाच दाखवायची, "इथे तो तुमच्याकडे वळला, त्याआधी तुम्ही काय केलेत?" एवढे विचारायचे. आया मुलांच्या कलाने बोलू लागल्या, मुले आपण होऊन अधिक संवाद सुरू करू लागली. उलट दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटला. प्रयोग करणाऱ्यांनी तेही छापले, म्हणून मला त्यांच्या पहिल्या म्हणण्याचा भरवसा वाटतो. ऑटिझम 'बरा' केल्याचा दावा त्यांनी केलेला नाही. जो करील त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

एक भीती मला वाटते. कालची आरोपी आज शिक्षिका झाली, पण पोर बोलले नाही तर "तूच नीट शिकवले नाहीस" म्हणून तिला पुन्हा पिंजऱ्यात उभे करायला घरातली मंडळी कमी करणार नाहीत. नोकरी सुटते तीही बहुधा तिचीच. ३३ पाने लिहिणारे बाप कोठे आहेत, असे विचारावेसे वाटते. सरकारदरबारी १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आणि मग २०१६ च्या कायद्यात आले. तोवर प्रमाणपत्रासाठी दुसऱ्याच कुठल्या तरी रकान्यात पोराला बसवावे लागे.

आणि भाषेचे सांगायचे राहिले. मूल बोलत नाही तेव्हा घरात एकच भाषा ठेवा, शाळेची म्हणून इंग्रजीच ठेवा, असा सल्ला मुंबईत वर्षानुवर्षे दिला गेला. अलीकडच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे अशा मुलांचे बोलणे मागे पडते असे आढळलेले नाही. त्या सल्ल्याने दादरच्या काय नि परळच्या काय, कितीतरी घरांत आजी नातवापुढे मुकी झाली. तिने मालवणीत खुशाल बोलावे. फक्त एका वेळी थोडे, आणि मधे थांबून.