सांडपाण्याला हवा आणि नागपूरचे ऊन

मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्यूम येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेला पाणी पुरते शुद्ध व्हायला सुमारे ५ आठवडे लागले. मग त्यांनी वरचे पाणी काढून टाकले, तळाचा गाळ मात्र ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. असे पुनःपुन्हा केल्यावर तेच काम २४ तासांत होऊ लागले. गाळ म्हणजे जिवाणूंची वसाहतच होती! हे त्यांनी १९१४ मध्ये जाहीर केले. त्यांना या वाटेला लावणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत आले.

पद्धत भारतात आली, मँचेस्टरचा गारवा आला नाही. २० अंश सेल्सिअसला एक लीटर पाण्यात हवेतला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. उलट उष्णतेने जिवाणूंची भूक वाढते. मागणी वाढावी तेव्हाच पुरवठा आटतो.

शिवाय मोठा बुडबुडा भरकन वर येऊन फुटतो, त्यातला ऑक्सिजन बराचसा वाया जातो. ८ मिलिमीटर व्यासाच्या एका बुडबुड्याचे २ मिलिमीटरचे बुडबुडे केले तर ते ६४ होतात, आणि तेवढ्याच हवेचा पृष्ठभाग चौपट होतो. (वर्गात हे गणित जरूर घालावे.) फिरत्या पात्यांनी हे साधते, गाळही तरंगत राहतो, पण मोटारीला वीज लागते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये अशा खर्चाच्या बदल्यात टाकीतून पेनिसिलिन निघे. नगरपालिकेच्या टाकीतून काय निघणार?

नागपुरात १९५८ मध्ये सुरू झालेल्या आणि १९७४ पासून 'नीरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने उन्हालाच कामाला लावण्याची वाट अभ्यासली. आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९७० चे पुस्तक भारतातील स्थिरीकरण तळ्यांविषयी आहे. मीटर-दीड मीटर खोल तळ्यात शैवाल उन्हात ऑक्सिजन सोडते, जिवाणू तो वापरतात. मोटार नाही, पाती नाहीत. आमच्या मते ही साधी तळी यंत्रांइतकीच महत्त्वाची. पण यंत्राच्या टाकीत तासांत होणाऱ्या कामाला तळ्यात दिवस लागतात आणि जागाही पुष्कळ लागते. शहरे वाढली, जमीन महागली, तशी मोटार पुन्हा आली. आज नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते.