तारेच्या आकड्यापासून मोबाइलच्या यादीपर्यंत

ज्यांनी तारेचा जमाना पाहिलाय त्यांना आठवत असेल, शुभेच्छांची तार करताना पूर्ण वाक्य लिहावं लागत नसे. तार ऑफिसात ठरलेल्या वाक्यांची छापील यादी असायची. आपण फक्त क्रमांक सांगायचा. तारेतून आकडा जायचा आणि पलीकडचा माणूस आपल्या यादीतलं वाक्य काढून घरी पोचवायचा. मोबाइलच्या टॉवरवरच्या अनेक अँटेना आज उपयोगी पडतात, त्यामागेही अशीच एक यादी आहे. ती कशी आली, ते आज आपण पाहू.

सुरुवातीचा एक धागा आपल्या पुण्याशी जुळतो. थॉमस कैलाथ पुण्यात जन्मले आणि 1956 मध्ये इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे स्टॅनफर्डला ते आणि भारतीय नौदलातून निवृत्त झालेले आरोग्यस्वामी पॉलराज एकत्र आले. अनेक अँटेनांतून एकाच वेळी वेगवेगळी माहिती पाठवण्याच्या कल्पनेचा त्यांचा पेटंट अर्ज 1992 चा, मंजुरी 1994 ची. त्याच दशकाच्या मध्यात बेल लॅब्जमध्ये तेलातार आणि फॉशिनी यांनी गणिताने दाखवलं की दोन्ही बाजूंना अँटेना वाढवल्या तर त्याच फ्रिक्वेन्सीत, तेवढ्याच शक्तीत कित्येक पट माहिती जाऊ शकते.

मग अडलं कुठे? टॉवरच्या चार अँटेनांतून निघालेल्या लहरी फोनपाशी एकमेकींत मिळाल्या तर जोर वाढतो, विरुद्ध पडल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. त्या मिळाव्यात म्हणून टॉवरला वाटेची, म्हणजे चॅनलची, स्थिती कळायला हवी. पण टॉवरकडून येणारी वाट मोजतो फोन. जाण्या-येण्याची फ्रिक्वेन्सी एकच असेल तर टॉवर फोनचं ऐकून अंदाज बांधू शकतो. त्या काळी बहुतेक ठिकाणी त्या वेगळ्या होत्या. तेव्हा फोननेच कळवायचं, हाच फीडबॅक.

आता हिशेब करू. चार अँटेना, प्रत्येकीचे दोन आकडे, म्हणजे आठ. प्रत्येकाला आठ बिट धरले तर 64. आणि हे पुन्हा पुन्हा पाठवायचं, कारण ताशी 60 किलोमीटरने जाणाऱ्या बसमध्ये फोन साडेचार मिलिसेकंदांत साडेसात सेंटीमीटर सरकतो. 2 गिगाहर्ट्झला ही अर्धी तरंगलांबी झाली. तेवढ्यात जुनी खबर शिळी! बॅटरी फोनची जाते, आणि फोनकडून टॉवरकडे जाणारी जागाही खबरीतच खर्च होते. कमाई सगळी हिशेब देण्यातच जायची भीती होती.

म्हणून काटकसर सुरू झाली. तिसऱ्या पिढीच्या एका पद्धतीत फोन दर वेळी एकच बिट पाठवायचा, सेकंदाला 1500 वेळा. खरं वळण आलं 2003 मध्ये. लव्ह, हीथ आणि स्ट्रोमर यांनी, तसंच मुक्काविल्ली, सभरवाल, एर्किप आणि आझांग यांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली : दिशांची एक यादी दोन्हीकडे आधीच ठेवा, फोनने सगळ्यात जवळच्या दिशेचा क्रमांक तेवढा सांगावा. मग प्रश्न उरतो, यादीत कोणत्या दिशा घ्यायच्या? एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब असतील अशा.

हा प्रश्न ज्या भूमितीत बसतो तिला ग्रासमानचं नाव आहे. हे हर्मान ग्रासमान स्टेटिनचे शाळामास्तर. 1844 चा त्यांचा गणिताचा ग्रंथ जवळपास कुणी वाचला नाही. पुढे ते संस्कृतकडे वळले आणि ऋग्वेदाचा कोश केला. भारतविद्येच्या अभ्यासकांना तो आजही लागतो.

2008 च्या सुमारास चौथ्या पिढीच्या नियमांत चार अँटेनांसाठी 16 नोंदींची यादी आली. ती बांधली वेगळ्या गणिताने, युक्ती मात्र तीच. 16 नोंदी म्हणजे चार बिट. कुठे 64 आणि कुठे चार!

पण एकाच वेळी अनेक फोनांशी बोलायचं तर एवढी जाडीभरडी खबर पुरत नाही. 2006 मध्ये निहार जिंदाल यांनी दाखवलं की चार अँटेनांच्या टॉवरची शक्ती दुप्पट केली, तर फायदा टिकवायला प्रत्येक फोनने तीन बिट जास्त पाठवावे लागतात. 2010 मध्ये मार्झेट्टांनी वेगळा रस्ता सुचवला : जाता-येता एकच फ्रिक्वेन्सी वापरा आणि टॉवरलाच ऐकू द्या. अँटेना शेकड्यांनी असल्या तरी मग चालतं. तरीही पाचव्या पिढीत याद्या राहिल्या, उलट त्या अधिक बारकाईच्या झाल्या.

अलीकडे ही खबर आवळण्याचं काम शिकणाऱ्या यंत्रजालाकडे देण्याचे प्रयत्न चाललेत. इथे जुनाच पेच नव्याने उभा राहतो. फोन एका कंपनीचा, टॉवर दुसरीचा. आवळणारं जाल एकाकडे, उलगडणारं दुसऱ्याकडे. दोघांनी शिकलेलं जुळलं नाही तर आलेल्या आकड्याला काही अर्थच नाही. तार ऑफिसात हा प्रश्न आला नाही, कारण दोन्ही टोकांना यादी एकाच खात्याने छापलेली होती. इथे ती कुणी छापायची, यावरच आज खरी घासाघीस आहे.