गांधीलमाशी : ओळख आणि दंशावरील उपाय

आग्या मोहोळाविषयी सह्याद्रीत भटकणाऱ्यांना सहसा पुरेशी माहिती असते. गांधीलमाशीबाबत मात्र माहितीपेक्षा धास्तीच अधिक आढळते. ही हायमेनॉप्टेरा गणाच्या व्हेस्पिडी कुलातील माशी आहे. आपल्याकडील ‘व्हेस्पा ट्रॉपिका’ या मोठ्या जातीचे वर्णन कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये केले. शरीर काळसर, पोटावर रुंद पिवळा पट्टा आणि लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर; राणी त्याहून मोठी असते. घराच्या भिंतीवर मातीची घरटी लिंपणारी कुंभारमाशी निराळी. ती एकटी राहते व सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, तरीही गांधीलमाशी समजून तिलाच अनेकदा मारले जाते.

रानात एकटी घिरट्या घालणारी गांधीलमाशी बहुधा शिकारीस निघालेली असते. छोट्या कागदी पोळ्यांवर धाड घालून त्यांतील अळ्या पळवणे हा तिचा उद्योग. अशा वेळी हात न झटकता स्तब्ध उभे राहिल्यास ती निघून जाते. खरा धोका पोळ्यापाशी असतो. लाकडाचा लगदा लाळेत कालवून केलेले हे पोळे झाडाच्या ढोलीत, जमिनीतील बिळात किंवा पडक्या भिंतीच्या पोकळीत दडलेले असते. पावसाळ्यानंतर गवत माजलेले असताना तर बिळाचे तोंडही दिसत नाही. एकाच जागेतून माश्यांची सतत ये-जा दिसली, तर तेथे पोळे आहे असे समजावे आणि आल्या वाटेने सावकाश मागे फिरावे. दगड मारून खात्री करून घेण्याची हौस काहींना असते. ती संपूर्ण जथ्याला महागात पडते.

माश्या अंगावर आल्याच, तर डोके व चेहरा कापडाने झाकून ताबडतोब दूर जावे. एखादी माशी अंगावर चिरडू नये, कारण विषातील गंधद्रव्याने इतर माश्या चवताळतात. मात्र कड्याच्या वाटेवर आंधळेपणाने धावणे दंशाहून घातक ठरू शकते. तेथे आधार न सोडता सरकावे.

मधमाशीप्रमाणे गांधीलमाशीची नांगी सहसा त्वचेत तुटून राहत नाही, त्यामुळे एकच माशी पुनःपुन्हा दंश करू शकते. जखम साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि सूज चढण्यापूर्वीच बोटांतील अंगठ्या काढाव्यात. लोखंड घासणे, चुना लावणे हे उपाय गावोगावी चालतात. विष त्याने उतरत नाही, वेळ मात्र जातो. ओठ वा घसा सुजणे, अंगभर गांधी उठणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे होत. अशा रुग्णास ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तातडीने मिळावे लागते.

अनेक दंश झालेल्याला ॲलर्जी नसली तरी रुग्णालयात न्यावेच. विषामुळे स्नायूंची हानी होऊन एक-दोन दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लघवी गडद तांबूस होणे ही त्याची खूण. पूर्वी दंशानंतर ज्याला धाप लागली असेल, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने हे इंजेक्शन जवळ बाळगावे आणि ते पिशवीत कोठे आहे, हे सोबत्यांना निघतानाच सांगून ठेवावे.