परदेशस्थ स्वतंत्र व्यावसायिक आणि अमेरिकी प्राप्तिकर
वास्तव्याबरोबरच केवळ नागरिकत्वावरूनही प्राप्तिकर आकारणाऱ्या अत्यल्प राष्ट्रांत अमेरिकेची गणना होते. मेक्सिकोत स्थायिक झालेल्या नागरिकाची तेथील मिळकतही या करास पात्र आहे, असा निर्वाळा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1924 मध्ये ‘कुक विरुद्ध टेट’ या खटल्यात दिला. व्यवसायाचे ठाणे परदेशात असून सलग बारा महिन्यांत ज्याचा 330 पूर्ण दिवस तेथे मुक्काम पडला, त्यास श्रमार्जित उत्पन्नावर ठरावीक मर्यादेपर्यंत (2024 साली 1,26,500 डॉलर) माफी मिळते खरी. परंतु ही माफी प्राप्तिकरापुरतीच असल्याने, कोणाचाही नोकर नसलेल्या कंत्राटदारास सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांसाठीचा 15.3 टक्के स्वयंरोजगार कर, ज्यात एरवी मालकाने उचलावयाचा हिस्साही अंतर्भूत असतो, चुकत नाही. पुण्यात बसून वर्षाकाठी 60,000 डॉलर निव्वळ नफा मिळविणारा, अमेरिकी नागरिकत्व घेतलेला मराठी संगणकतज्ज्ञ प्राप्तिकरातून सुटला, तरी नफ्याच्या 92.35 टक्क्यांवर आकारणी होऊन सुमारे 8,478 डॉलर त्यास अमेरिकी खजिन्यात भरावे लागतात. भारतातील प्राप्तिकर निराळाच, आणि तो भरल्याची वजावटही या रकमेतून मिळत नाही. जर्मनी, जपान आदी देशांशी सामाजिक सुरक्षेची दुहेरी वर्गणी टाळणारे करार झाले असल्यामुळे तेथील दफ्तराचे प्रमाणपत्र हजर करून सुटका होते. भारताशी मात्र तसा करार नाही.